अंडे सोडा, भरडा घ्या

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या वाट्याला आठवड्याला एक अंडे येत असे, तेही दुकानात माल आला तर. पुरवठा आटला की तेच अंडे पंधरा दिवसांनी मिळे. या एका अंड्यावर पाणी सोडायची ज्याची तयारी असेल, त्याच्यासाठी सरकारने दुसरी वाट मोकळी ठेवली होती. शिधापत्रिकेवरची अंड्यांची नोंदणी सोडून द्यायची आणि तिच्या बदल्यात घरच्या कोंबड्यांसाठी भरडा घ्यायचा. पुढे अंडी मिळाली तर ती आपली, न मिळाली तर तक्रार कुणाकडे करायची नाही.

टंचाईच्या काळात माणसे घरात काय पिकवतात, काय पाळतात आणि त्यावर कितपत जगतात, याविषयी गेली काही वर्षे मी वाचते आहे. या वाचनात कोंबडी सतत भेटते. गाईला चारा लागतो, गोठा लागतो, भांडवल लागते. शेळीला रान लागते. कोंबडीला मात्र एक खुराडे आणि दोन हात अंगण पुरते, असे मानले जाते. म्हणून मंदी आली, महागाई आली, युद्ध आले की लोकांना कोंबड्या पाळायचा सल्ला हमखास दिला जातो. तो सल्ला कधी फळला आणि कधी फसला, हे तपासताना मला ब्रिटनची ही अदलाबदल महत्त्वाची वाटली. कोंबडी काय देते हे सगळेच सांगतात. ती काय खाते, याची दखल तिथे सरकारदरबारी घेतली गेली होती.

माणशी दोन कोंबड्या

कोंबडीला देशकार्याला जुंपण्याची कल्पना ब्रिटनच्या आधी अमेरिकेत दिसते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उडी घेतल्यावर गहू आणि मांस सैन्यासाठी व युरोपातल्या मित्रराष्ट्रांसाठी धाडायचे होते. ते वाचवायचे तर घरच्या ताटात दुसरे काहीतरी हवे. तेव्हा अमेरिकेच्या शेती खात्याने जाहिराती काढल्या. घरात जितकी माणसे त्याच्या दुप्पट कोंबड्या परसात ठेवा, म्हणजे कुटुंबाला ताजी अंडी पुरतील, असा त्यांचा हिशेब होता. ‘अंकल सॅम’ तुमच्याकडून ही अपेक्षा ठेवतो, असे त्यात बजावले होते.

पुढे दहा वर्षांनी कोंबडी अमेरिकेच्या निवडणुकीत उतरली. १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने वर्तमानपत्रात आलेल्या एका जाहिरातीत घरोघरच्या पातेल्यात कोंबडी शिजत असल्याचे समृद्धीचे चित्र होते. हर्बर्ट हूवर निवडून आले आणि वर्षभरात, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्यानंतर ती पातेल्यातली कोंबडी हूवरविरोधकांच्या थट्टेचा विषय झाली.

म्हणजे एकाच पक्ष्याची दोन चित्रे होती. अंगणात दाणे टिपणारी कोंबडी टंचाईची सोबतीण आणि पातेल्यातली कोंबडी सुबत्तेची खूण. आपल्याकडेही पाहुणा आला की कोंबडी कापतात आणि एरवी अंडी बाजारात जातात. त्यामागचा हिशेब हाच.

ब्रिटनचा हिशेब

युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नापैकी निम्म्याहून बरेच अधिक अन्न बाहेरून आणत असे. अंडी आणि डुकराचे खारवलेले मांस डेन्मार्क व हॉलंडमधून येई. एप्रिल आणि मे १९४० मध्ये हे दोन्ही देश जर्मनीच्या ताब्यात गेले आणि तो पुरवठा एका झटक्यात तुटला. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. जहाजातली जागा सोन्याच्या भावाची झाली.

अशा वेळी सरकारपुढचा प्रश्न साधा होता. एक टन धान्य जहाजाने आणले तर ते माणसाने खावे की कोंबडीने? धान्य माणसाने थेट खाल्ले तर त्यातून जितक्या लोकांचे पोट भरते, तितक्यांचे ते कोंबडीला घालून मिळालेल्या अंड्यांतून भरत नाही. गाय निदान गवतावर दूध देते. कोंबड्या आणि डुकरे मात्र माणसाच्याच धान्यात वाटेकरी होतात. म्हणून दूध, गहू आणि बटाट्याला झुकते माप मिळाले आणि व्यावसायिक कोंबडीपालकांच्या खाद्याला कात्री लागली. जून १९४१ पासून अंड्यांच्या वाटपावर नियंत्रण आले. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना वाटपात अग्रक्रम होता. १९४२ पासून अमेरिकेतून अंड्याची भुकटी येऊ लागली. बारा अंड्यांच्या बरोबरीचे एक पाकीट, पाण्यात कालवून वापरायचे. जहाजातून टरफल आणि पाणी वाहून आणणे परवडत नव्हते.

मोठे कळप कमी करायचे आणि त्याच वेळी घरगुती कोंबड्यांना उत्तेजन द्यायचे, हे वरवर विसंगत वाटते. पण घरगुती कोंबडीच्या पोटात जे जात होते ते जहाजातून आलेले नव्हते. बटाट्याच्या साली, कोबीची बाहेरची पाने, पावाचे शिळे तुकडे, ताटातले खरकटे. गोळा करायला सरकारला खर्च आला असता असे हे अन्न घरोघरी वाया जात होते. लंडनलगतच्या टॉटनहॅममध्ये रस्त्यावर डबे ठेवून स्वयंपाकघरातला ओला कचरा गोळा करीत, वाफेवर शिजवत आणि डुकरांना घालत. त्याला ‘टॉटनहॅम पुडिंग’ असे नाव पडले होते. कोंबडीच्या बाबतीत एवढाही व्याप नव्हता. कचरा आणि कोंबडी एकाच दारात होती.

पण निव्वळ खरकट्यावर कोंबडी अंडी देत नाही. साली आणि पाव यांत पिष्ट भरपूर, प्रथिने कमी आणि चुना जवळजवळ नाही. अंडे म्हणजे तर प्रथिने आणि चुन्याचे कवच. तेव्हा खरकट्यात जे उणे आहे ते भरून काढणारा भरडा सरकारने तयार करवला. त्याचे इंग्रजी नावच ‘बॅलन्सर मील’, म्हणजे तोल सांभाळणारा भरडा. बटाट्याच्या साली उकडून, कुस्करून त्यात तो मिसळायचा. हा भरडा अंड्यांची नोंदणी सोडणाऱ्यांना मिळे आणि किती नोंदण्या सोडल्या यावर तो किती मिळणार हे ठरे.

शेजारीही आपली नोंदणी कोंबड्या पाळणाऱ्याच्या नावे करून देऊ शकत. मग शेजाऱ्याकडचे खरकटे या घरी येई आणि इथली अंडी तिकडे जात. परस नसलेल्या माणसाचाही त्यामुळे कोंबडीत वाटा राहिला. डोमेस्टिक पोल्ट्री कीपर्स कौन्सिल या घरगुती कोंबडीपालकांच्या मंडळाचे युद्धकाळात साडेबारा लाखांवर सभासद झाले आणि त्यांच्याकडे सुमारे १ कोटी २० लाख कोंबड्या होत्या. म्हणजे सरासरी एका घरी दहाएक. देशातल्या नोंदलेल्या ताज्या अंड्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा या परसांतून येत होता.

वसंतात दिवस मोठा होऊ लागला की कोंबड्या भराभर अंडी देत आणि हिवाळ्यात हात आखडता घेत. म्हणून सुगीची अंडी ‘वॉटरग्लास’ म्हणजे सोडियम सिलिकेटच्या पाण्यात बुडवून बादल्यांत साठवत. पिसे झडायच्या दिवसांत अंडे मिळत नाही, कोल्हा एका रात्रीत खुराडे रिकामे करतो, रोग आला की उरलेसुरले जाते. हे सारे धोके नोंदणी सोडणाऱ्या कुटुंबाचे होते आणि त्यातले रोजचे काम बहुतेक ठिकाणी बायका-मुलांकडे होते. तरीही लाखो लोकांनी हा सौदा पत्करला, कारण भरड्याची हमी होती.

चाळीस किलोंचा प्रश्न

हा हिशेब थोडा उलगडून पाहू. पिंजऱ्यातली आजची संकरित कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. वर्षाचे झाले चाळीस किलोंच्या वर. त्या बदल्यात ती तीनशेच्या आसपास अंडी देते. आपली गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, मध्येच खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, मग पिलांमागे फिरते. व्यापाऱ्याच्या हिशेबात ती तोट्याची. पण तिचे बहुतेक खाद्य कुणी विकत आणत नाही. उकिरड्यातले किडे, खळ्यावर सांडलेले दाणे, जात्याभोवतीचे पीठ, तांदळाची कणी, कोंडा, वाळवी, गवताचे बी. तिची कमाई कमी आणि खर्च त्याहून कमी, म्हणून ती गरिबाला परवडते.

यातच तिची मर्यादाही आहे. परसातली कोंबडी माणसाच्या सांडलवंडीवर जगते. ज्या घरात काही सांडतच नाही तिथे ती जगू शकत नाही. सर्वसाधारण महागाईत घरात पैसा कमी असतो, पण चूल पेटते, साली निघतात, कोंडा निघतो. अशा वेळी कोंबडी खरोखर मदतीला येते. दुष्काळात चुलीतूनच काही निघत नाही. तेव्हा कोंबडी घराला आधार देण्याऐवजी घराच्या आधी बळी जाते.

ब्रिटनमधल्या परसांत भरडा पोचत होता, त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला १९४३ चा बंगालचा दुष्काळ घडत होता. त्यात वीस ते तीस लाख माणसे मेली. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तिथला तांदूळ थांबला होता, युद्धखर्चाने भाव भडकले होते आणि जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्याकडच्या होड्या सरकारनेच काढून घेतल्या होत्या. याच वर्षी मे महिन्यात मुंबई शहरात धान्याचे शिधावाटप सुरू झाले आणि शहर सावरले. बंगालच्या खेड्यांना तसे वाटप नव्हते.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात या दुष्काळाचा जो उलगडा केला, तो कोंबडीच्या प्रश्नाला थेट भिडतो. तांदळाचा भाव चढला तेव्हा मासे, दूध, न्हाव्याचे काम यांची किंमत तांदळाच्या तुलनेत घसरली. कोळ्याच्या जाळ्यात मासा असूनही त्या माशाच्या मोलात पूर्वीइतका तांदूळ येईना. गरीब माणूस आपल्याकडचे पौष्टिक अन्न विकतो आणि त्या पैशात पोट भरणारे स्वस्त धान्य घेतो. अंड्याचेही तसेच. गरिबाघरचे अंडे फार क्वचित गरिबाच्या पोटात जाते. ते बाजारात जाते आणि परत येताना ज्वारी, तेल, मीठ होऊन येते. ज्वारी महागली आणि अंडे घेणाराही अडचणीत आला, तर ही साखळी तुटते. कोंबड्या आहेत म्हणजे घर स्वावलंबी आहे, हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे. त्या घराला बाजार लागतोच.

आजीची गाठ

महाराष्ट्रातल्या कोंबडीचा इतिहास लिहायचा तर तो बायकांच्या लुगड्याच्या गाठीत शोधावा लागेल. शेतीचा पैसा पुरुषाच्या हाती, दुभत्याचा बऱ्याचदा सासूच्या हाती, पण कोंबडी-अंड्यांचा पैसा बाईचा. माझे आजोळ माण तालुक्यातले, कायम अवर्षणाचे. आजीच्या डालग्यात सात-आठ कोंबड्या असत. पोरांच्या पाटी-पेन्सिली, बांगड्या, लेकीला माहेरी आल्यावर घालायची चोळी, हे सगळे त्या डालग्यातून निघे. आजोबा त्या पैशाबद्दल विचारत नसत. कोंबडी म्हणजे आजीची पोस्टातली पुस्तिकाच होती आणि तिला सही लागत नव्हती.

कोंबडी सगळ्यांच्या दारात नव्हती, हेही नोंदवायला हवे. माळकऱ्याच्या, ब्राह्मणाच्या, लिंगायताच्या घरी ती नसे. कुणबी, मुसलमान, दलित, भटके, आदिवासी यांच्या दारात असे. इंग्रजी अमदानीत साहेब दौऱ्यावर आला की मुक्कामाची सरबराई गावावर पडे आणि त्यात कोंबड्या-अंडी असत. ज्यांच्या दारात कोंबडी, त्यांच्याच दारातून ती उचलली जाई.

१९७२ चा दुष्काळ आईने डोळ्यांनी पाहिला. ती सांगते, पहिल्यांदा गेल्या त्या कोंबड्या. खळे झालेच नाही, तेव्हा सांडलेला दाणा कुठला? रेशनवर मिळणारा लाल मिलो मोजूनमापून दळला जाई, त्याचा कोंडासुद्धा भाकरीत मिसळत. आजी दिवसभर खडी फोडायला जाई आणि मुलांसाठी सुकडी घेऊन येई. त्या सुकडीतला चुराही पोरे वाटून खात. कोंबडीला घालायला घरात काही राहिले नव्हते. सगळ्या गावाने एकाच महिन्यात कोंबड्या बाजारात नेल्या, म्हणून भाव पडला. आजीने आठही विकल्या.

त्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने जे केले ते कमी नव्हते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. गुरांसाठी छावण्या निघाल्या, चारा आला. कोंबड्यांसाठी छावणी निघाल्याचे मात्र आमच्या भागात कुणाला आठवत नाही. बैल गेला तर शेती बुडते हे सरकारला कळत होते. कोंबडी गेली तर बाईची गाठ सुटते, हे कुठल्याच नोंदवहीत येत नव्हते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा गावात कोंबड्याच नव्हत्या. आजीच्या बहिणीने नदीकाठच्या गावातून एक तलंग अर्धेलीने दिली. पहिल्या वेताची निम्मी पिले तिची, निम्मी आजीची. पहिल्या खेपेची पिले घारीने आणि मानमोडीने नेली. हा मानमोडीचा रोग म्हणजे पुस्तकातला राणीखेत. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आणि आपल्याकडे राणीखेतला तो नोंदला गेला आणि दोन्ही गावांची नावे त्याला चिकटली. आजीचे डालगे पूर्वीसारखे भरायला तीन वर्षे लागली.

पिले आली, खाद्य कुठे?

तोवर महाराष्ट्रातली कोंबडी बदलायला लागली होती. पांढरी लेगहॉर्न आली, शेड आली, बँकेचे कर्ज आले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली व्यंकटेश्वरा हॅचरीज पुण्यात वाढली आणि १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अंड्याचा भाव ठरवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंडे स्वस्त झाले, शहरातल्या गरिबाच्या आवाक्यात आले. हे या धंद्याचे मोठे देणे आहे. पण ही कोंबडी उकिरड्यावर जगत नाही. तिला मका आणि सोयाबीनची पेंड लागते. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले तेव्हा पोल्ट्रीवाले हवालदिल झाले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. लगेच मराठवाडा-विदर्भातला सोयाबीन उत्पादक ओरडला, कारण त्याचा भाव पडणार होता. माणसाने खावे की कोंबडीने, हा ब्रिटनचा प्रश्न इथे शेतकऱ्याने जगावे की पोल्ट्रीवाल्याने, असा होऊन आला.

या सगळ्यात परसातली कोंबडी संपली असे वाटेल. २०१९ च्या पशुगणनेने उलटेच दाखवले. देशातल्या ८५ कोटींवर कोंबड्या-बदकांपैकी जवळपास ३२ कोटी परसातल्या होत्या आणि २०१२ च्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यावसायिक पक्षी त्याच काळात साडेचार टक्क्यांनी वाढले. गावरान अंड्याला शहरात चढा भाव मिळतो, वनराज-गिरिराजसारख्या परसात तगणाऱ्या जाती आल्या आहेत आणि सरकारी योजनांतून गरीब कुटुंबांना चार आठवड्यांची पिले दिली जातात.

संकटात ही कोंबडी किती एकटी पडते, तेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला. मोठ्या शेडांबरोबर आसपासच्या वाड्या-पाड्यांवरची आदिवासींच्या दारातली कोंबडीही गोळा करून मारावी लागली. रोग रोखायला ते आवश्यक होते, पण शेडवाल्याचे नुकसान हिशेबाच्या वहीत होते आणि पाड्यावरचे डालग्यात. मार्च २०२० मध्ये कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली, तेव्हा चिकनचा भाव मातीमोल झाला आणि कित्येकांनी पक्षी फुकट वाटले. त्यानंतरच्या टाळेबंदीत पुन्हा तोच जुना सल्ला सुरू झाला. परस आहे ना, मग कोंबड्या पाळा आणि स्वतःच्या पायावर उभे राहा.

सल्ला वाईट नाही. ब्रिटनच्या परसांनी तो खरा करून दाखवला. पण तिथे सरकारने प्रत्येक कोंबडीच्या वाटीचा विचार केला होता. घरातून किती येईल, उणे किती पडेल आणि ते कोण भरून काढील, हे ठरलेले होते. शेजाऱ्यालाही त्यात जागा होती. २६ मार्च १९५३ ला तिथले अंड्यांचे नियंत्रण उठले. भरड्याची गरज संपली आणि पिंजऱ्यातल्या अंड्यांचा जमाना आला.

आपल्याकडे पिले वाटली जातात, फोटो निघतात. त्यांच्यासोबत सुरुवातीचे थोडे खाद्यही कधी मिळते. पिलू तलंग होईपर्यंत पाच-सहा महिने जातात आणि हे खाद्य त्याच्या खूप आधी संपते. मानमोडीची लस वर्षातून काही वेळा द्यावी लागते आणि तिची कुपी बर्फात राहावी लागते. पाड्यावर बर्फ नसतो. दुष्काळ जाहीर झाल्यावर तालुक्याच्या बैठकीत चारा, पाणी, छावणी असे विषय येतात. त्या यादीत कोंबडीचा भरडा आणि लस हे दोन शब्द वाढवायला फार खर्च येणार नाही.